आधी एक्सलचं हाउसिंग बघ
मित्रा, जीपचा मागचा एक्सल ओरडतोय म्हणून लगेच अख्खा बदलू नकोस. तुर्भ्याला गॅरेजमध्ये आधी डिफरेन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, ऑइल काढून बोटांवर चोळून बघ. बारीक राखाडी चिखल म्हणजे नेहमीची झीज. नखाएवढा तुकडा निघाला तर गिअरचा दात गेलाय. बेअरिंग-सीलपुरतंच असेल तर खोलून बांधणं परवडतं. क्राउन-पिनियन, म्हणजे आतले एकमेकांत बसणारे दोन गिअर, मात्र जोडीनेच घे. हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, वाकलं असेल तर दुसरा एक्सलच शोध. मी वाकलेल्यात नवी बेअरिंग घातली होती, पावसाळा सरायच्या आत सील पुन्हा गळायला लागलं. पैसे गेले ते गेलेच. आणि दुसरा घेताना क्राउन-पिनियनचे दात मोजून घे, रेशो (दोघांच्या दातांचं प्रमाण) पुढच्या एक्सलशी जुळायलाच हवा, नाहीतर फोर-बाय-फोर टाकून पक्क्या रस्त्यावर आलास की ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, सगळा ताण येईल.