पोटात गोळा यायलाच हवा

वाचकांचे प्रश्न, मल्लखांबाच्या एका निवृत्त मास्तरांची उत्तरं (बडोदा)

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, उलटलं की आमच्या टपालात दोनच विषय असतात, आखडलेली मान आणि थरार. मानेला शेक द्या. उरलेल्या पत्रांकडे वळतो.

प्रश्न : मी 52 वर्षांची, कारेलीबागेत राहते, बँकेत नोकरी. लग्न झाल्यापासून पतंगाला हात लावला नव्हता. गच्चीवर माझं काम म्हणजे उंधियु-जिलबी वाढायची आणि कुणाची तरी फिरकी धरायची. यंदा भाच्याने दोरीच हातात दिली. पेच लागला, समोरचा पतंग कापला गेला आणि मी अशी काही किंचाळले की आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "या वयात शोभतं का?" तेव्हापासून सगळंच अळणी लागतंय. असं पुन्हा कुठे मिळेल?

उत्तर : ताई, शोभतं. नवरात्रात सत्तरीच्या बायका टाळ्या देत रात्री बारापर्यंत गरब्याच्या रिंगणात फिरतात, त्यांना या गावात कोणी असं विचारत नाही. पतंगाला वेगळा न्याय कशाला?

आता त्या किंचाळण्याबद्दल. ढील देऊन पेच लढवताना काय होतं ते आठवा. मांजा बोटावरून सरसरत सुटत असतो, पट्टी लावलेली असली तरी बोट गरम होतं. पतंग एवढा लांब असतो की डोळ्यांना नीट काही दिसत नाही, पण दोरीचा ताण किंचित बदलला की समोरच्याने ढील दिली की खेचलं, ते बोटाला आधी कळतं. त्या क्षणी तुम्ही थांबलात तर तुमचा पतंग गेला. तो थांबला तर त्याचा. निकाल अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

मेंदूला नेमकं हेच आवडतं. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. रस मिळणार हे आधीच कळलं असेल, तर तो मिळाल्यावर पेशी ढिम्म राहत. न कळता मिळाला की उसळत. पुढे 2003 साली त्याच्या गटाने दाखवलं की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा निकालाची वाट पाहतानाच या पेशींची चळवळ सगळ्यांत जास्त चढत जाते. पेचात तुमची गत तीच होती. थरथरत्या हातांचं म्हणाल, तर ते मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून सुटलेल्या अ‍ॅड्रेनलिनचं काम. हृदय जोरात चालतं, यकृत साखर सोडतं, पोटाकडचं रक्त हातापायांकडे जातं, म्हणून पोटात गोळा येतो. रक्तातलं ते रसायन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, हात मात्र आणखी थोडा वेळ हलत राहतात.

पण माझ्या मते यातली खरी गोष्ट वेगळी आहे. इतकी वर्षं तुम्ही गच्चीवरच होतात, पेचही बघत होतात. मग किंकाळी आत्ताच का फुटली? फिरकी धरणाऱ्याला धाकधूक मिळते, पण निकाल त्याच्या बोटांत नसतो. यंदा तो तुमच्या बोटांत होता. तेव्हा "कुठे मिळेल" याचं माझं उत्तर असं, की जिथे पोटात थोडा गोळा येतो आणि पुढचं तुमच्या हातात असतं, तिथे. पोहता येत नसेल तर शिका. कडेचा दांडा सोडून खोल बाजूला पहिली उडी मारण्याआधी जे होतं, ते अगदी पेचासारखंच होतं. गाडी येत नसेल तर ती शिका. आपल्या सर्कलवर संध्याकाळी सात वाजता चारी बाजूंनी स्कूटर घुसत असताना एकटीने वळण घेणं हे काही लहानसहान साहस नाही. गणपतीतल्या कार्यक्रमात दरवर्षी खुर्च्या मांडत असाल, तर यंदा नाटकात एक भूमिका मागा. आणि पावागढला जाताना माचीपर्यंत जीपने आणि तिथून रोपवेने वर, असं करू नका. खाली चांपानेरहून किल्ल्याच्या जुन्या दरवाजांतून पायवाटेने चढा. गढ आठशे मीटरच्या आसपास आहे, पहाटे निघून सावकाश गेलात तर होतो. गुडघे आणि रक्तदाब आधी डॉक्टरांना दाखवा, हे मास्तर म्हणून सांगावंच लागतं.

अळणीपणाची काळजी नको. चढ जितका उंच तितका मागून उतार येतोच, आठवड्याभरात निघून जातो. पुढच्या वर्षी पतंग उडवाल तेव्हा नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका. 2017 पासून त्याच्यावर बंदी आहे, तरी विकला जातो. पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी पक्षी ये-जा करतात, तेवढा वेळ दोरी खाली ठेवा.

प्रश्न : मी 23 वर्षांचा, मांजलपूरला राहतो, इंजिनियरिंग करून नोकरी शोधतोय. ऋषिकेशजवळ 83 मीटरवरून बंजी जंप केली, तेव्हा वेडा झालो होतो. पुन्हा गेलो तर काहीच वाटलं नाही. आता रात्री हायवेवर बाईक 120 वर नेली तरच जरा बरं वाटतं. घरी कळलं, रोज भांडणं होतात. मला व्यसन लागलंय का?

उत्तर : तुला "तू" म्हणतो, नातवाच्या वयाचा आहेस.

आधी बाईक. एक्सप्रेस-वेवर दुचाकीला मुळात बंदी आहे आणि साध्या हायवेवर तू एकटा नसतोस. शेतातून घरी निघालेला सायकलवाला असतो, दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो. तुझ्या थरारात त्यांचा जीव पणाला लागतो आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. स्वतःची हाडं मोडायचा हक्क मी एक वेळ मान्य करेन, त्यांची नाही. हे आजपासून बंद. घरच्यांचं बरोबर आहे.

आता बंजीचं. काठावर उभं राहून पाय सोडणं, हे एक काम तू केलंस. ते अवघड असतं, त्याबद्दल शाबासकी. पण पाय सुटल्यावर तुझं काम काय? वजन होणं. दोर दुसऱ्याने बांधलेला, मोजमाप दुसऱ्याचं, वर ओढून घेणाराही दुसराच. पहिल्या वेळी शरीराला काय होणार ते माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी माहीत होतं. नवलाई गेली, मागे काही उरलंच नाही. आता 83 चे 150 मीटर केलेस तरी तिसऱ्या उडीला हेच रडगाणं.

अमेरिकेत फेन्झ आणि एपस्टाइन या दोघांनी पॅराशूटवाल्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, 1967 साली ते छापून आलं. नवख्यांचे ठोके विमानात बसल्यापासून उडीच्या क्षणापर्यंत चढतच जात. मुरलेल्यांचे आधी चढत आणि उडी जवळ आली की उतरत. भीती त्यांनाही वाटत होती, फक्त ती लवकर येऊन कामाला जागा करून देत होती. हे मी खांबाजवळ रोज पाहिलंय. नव्या पोराच्या छातीतली धडधड खांबाला हात लावताना असते. जुन्याची धडधड रांगेत उभं असताना होऊन जाते. खांबाशी आला की त्याचं लक्ष तळव्याचं एरंडेल पुसण्यात आणि पकड कुठे घ्यायची यात असतं. त्याला मजा कमी येते असं समजू नकोस. त्याची मजा उंचीतून निघून सफाईत गेलेली असते, आणि सफाईला तळ नाही.

काही माणसं जन्मतःच जास्त तिखट मागतात. मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने 1964 पासून तेच मोजत आयुष्य काढलं. तू त्यातला दिसतोस. तो स्वभाव आहे, त्याला व्यसन म्हणू नकोस. पण त्याला काम दे. माउंट अबूला गुजरात सरकारची पर्वतारोहण संस्था आहे, तिथे खडक चढण्याचे प्राथमिक वर्ग होतात, त्याचा अर्ज भर. खडकावर दोर असतो, पण वर ओढत कोणी नाही. पुढची खाच तूच शोधायची. शिवाय दरवर्षी हिवाळ्यात जुनागढला गिरनार चढण्या-उतरण्याची स्पर्धा असते, मुलांना डोंगरावरच्या अंबाजीच्या देवळापर्यंत 5500 पायऱ्या. तयारीला रोज पहाटे पळावं लागेल. रात्री हायवेवर जायची ताकद उरणार नाही, हा माझा मतलब लपवत नाही.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा सोसायटीतल्या कडुनिंबावर चढतो. माझा जीव खाली अर्धा होतो. अडवू का?

उत्तर : बाई, जुम्मादादा आणि प्रा. माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात राहून तुम्ही हे मला विचारता! नका अडवू. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या धाडसी खेळांचे प्रकार मांडले, त्यात पहिलाच उंचीचा आहे. मग वेग, मग धारदार हत्यारं, पाणी-आगीजवळचा खेळ, दंगामस्ती आणि एकट्याने भटकून हरवण्याची शक्यता. जगभर मुलं हेच शोधतात, आपला चिरंजीव काही वेगळा नाही.

मात्र तीन पथ्यं पाळा. ज्या फांदीपर्यंत तो स्वतः पोचत नाही, तिथे त्याला उचलून बसवू नका. जो स्वतः चढतो त्याला उतरता येण्याचा संभव जास्त असतो. खांबावर आम्ही अढी शिकवतो, म्हणजे मांड्या आणि पावलांनी खांब आवळून धरणं. पण त्याच दिवशी घसरत न येता उतरायलाही शिकवतो, उतरणं आलं नाही तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. झाडाखालचे दगड-विटा उचलून घ्या, आणि पावसाळ्यात साल ओली असताना सुट्टी. तिसरं पथ्य तुमच्यासाठी. "पडशील!" असं खालून ओरडू नका, पोरगं दचकून खाली बघतं आणि तेव्हाच पडतं. "डावा पाय कुठे ठेवणार?" असं विचारा. उत्तर आलं तर ठीक चाललंय. नाही आलं तर जेवायला बोलवा.

प्रश्न : मोठ्या पाळण्यात बसलं की मला उलटी होते. नवरा भित्री म्हणतो. मी खरंच भित्री आहे का?

उत्तर : नाही. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, डोकं फिरलं की त्यांतलं पाणी हलतं. डोळे एक सांगतात, नळ्या दुसरं, आणि पोट बंड करतं. यात धैर्याचा संबंध येतो कुठे? भल्या-भल्या खलाशांना समुद्र लागतो. पाळणा टाळा, दुसरं काही धाडसाचं करा, यादी वरच्या उत्तरांत आहे. बसायचंच असेल तर डोळे मिटू नका, लांबच्या एखाद्या न हलणाऱ्या इमारतीकडे बघत राहा. आणि सेव-उसळ उतरल्यावर खा, आधी नाही.