घर घेताना एजंट आणि गृहकर्ज देणारी बँक कशी निवडावी?

आधी बँक, मग एजंट. कर्ज किती मिळेल हे लेखी हातात नसताना व्यवहार ठरवला, तर बयाणा अडकतो. निदान ३ ठिकाणांहून सारख्याच रकमेचे आणि मुदतीचे लेखी प्रस्ताव घ्या, तेही एकाच दिवशी, कारण दर बदलत राहतात. प्रक्रिया शुल्क, विमा आणि मुदतपूर्व फेडीचा दंड असल्यास तोही धरून एकूण खर्च काढा. २० वर्षांच्या कर्जाला ८.५० ऐवजी ८.७५ टक्के दर लागला, तरी हप्ता सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो.

एजंटला थेट विचारा: विकणाऱ्याकडूनही दलाली घेता का? घेत असेल, तर भावाची घासाघीस त्याच्यावर सोडू नका. त्याने सुचवलेली बँकही बाकीच्यांशी ताडून पाहा.