डिडक्टिबलला ‘वजावट’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : आरोग्य विम्यातल्या डिडक्टिबलला (म्हणजे विमा कंपनीने पैसे देण्याआधी आपण स्वतः भरायच्या ठरावीक रकमेला) मराठीत वजावट म्हणता येईल का, आणि को-पे म्हणजे तेच का?

वजावट शब्द चूक नाही, पण फसवा आहे. प्राप्तिकरामुळे वजावट म्हटलं की आपला फायदा, हे डोक्यात पक्कं बसलंय. इथे वजा होतं ते कंपनीचं देणं, म्हणजे चाट आपल्याच खिशाला. ‘पूर्वभरणा’ त्याहून वाईट. ही रक्कम कंपनीकडे आगाऊ भरायची, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात ती रुग्णालयाच्या बिलापोटी जाते. ‘स्वखर्च मर्यादा’ही नको, कारण डिडक्टिबल भरून झाल्यावरही खर्च थांबेलच असं नाही. लिहिताना मला ‘आरंभीचा स्वखर्च’ पटतो. बोलताना खुशाल डिडक्टिबल म्हणा.

को-पे, म्हणजे मान्य खर्चातला आपण उचलायचा वाटा, वेगळा. डिडक्टिबल ठरावीक रकमेत असतं, को-पे बहुधा टक्क्यांत. समजा बिल ३ लाख, त्यातले २० हजार पॉलिसीत न बसणारे, डिडक्टिबल ५० हजार, को-पे १० टक्के. मान्य खर्च २ लाख ८० हजार. त्यातून ५० हजार गेले, उरले २ लाख ३० हजार. त्यावर को-पे २३ हजार. कंपनी देणार २ लाख ७ हजार, तुम्ही ९३ हजार. को-पे आधी कापला, तर तुमचे ९८ हजार जातात. म्हणून क्रम पॉलिसीच्या मजकुरातच पाहावा.

खरी मेख मात्र ‘वार्षिक’ आणि ‘प्रत्येक दाव्याला’ या शब्दांत आहे. वर्षात तीनदा दाखल व्हावं लागलं, दर वेळी मान्य खर्च ४० हजार आणि डिडक्टिबल ५० हजार. को-पे नसेल, तर वार्षिक डिडक्टिबलमध्ये एकूण १ लाख २० हजारांपैकी ७० हजार मिळतात. प्रत्येक दाव्याला असेल, तर एक पैसाही नाही. शिवाय इथलं वर्ष पॉलिसीचं. नूतनीकरण झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून. कुटुंबाची पॉलिसी असेल, तर रक्कम माणशी की सगळ्यांची मिळून, हेही विचारा.

प्लॅन निवडताना एक भागाकार करावा. ५० हजारांचं डिडक्टिबल घेतल्याने हप्ता वर्षाला ८ हजारांनी उतरत असेल, तर एकदा पूर्ण डिडक्टिबल भरावं लागलं की ते भरून निघायला सव्वासहा वर्षांची बचत लागते. आणि हे ५० हजार आजारपणाच्या दिवशी हातात असायला हवेत. नसतील, तर हप्ता स्वस्त असला तरी तो प्लॅन घेऊ नये.