पायथॉनमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शनसाठी फ्रेमवर्क लागतेच का?

जावामध्ये स्प्रिंग हे फ्रेमवर्क वापरण्याची सवय असल्यामुळे पायथॉनच्या मध्यम आकाराच्या प्रोजेक्टमध्येही डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनर, म्हणजे वस्तू तयार करून जोडून देणारी लायब्ररी, घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. आपल्याला लागणारी वस्तू (ऑब्जेक्ट) क्लासने स्वतः तयार न करता बाहेरून घ्यावी, एवढाच डिपेंडन्सी इंजेक्शनचा गाभा आहे आणि पायथॉनमध्ये फंक्शन व क्लासही आर्ग्युमेंट म्हणून देता येत असल्याने ते सहज साधते.

थकीत बिलांची स्मरणपत्रे पाठवणारा क्लास घेऊ. त्याने डेटाबेसचे कनेक्शन, ईमेल आणि आजची तारीख हे सारे स्वतःच मिळवले, तर टेस्टसाठी पॅचवर, म्हणजे टेस्टपुरती खऱ्याच्या जागी नकली गोष्ट बसवण्यावर, विसंबावे लागते. आणि पॅच हा नाव जिथे शोधले जाते त्या मॉड्यूलवर लावावा लागत असल्याने, कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवला की वर्तन न बदलताही टेस्ट मोडतात. या तिन्ही गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून घेतल्या, तर टेस्टमध्ये घड्याळाच्या (आजची तारीख देणाऱ्या फंक्शनच्या) जागी ठरावीक तारीख देणारा लॅम्डा, म्हणजे छोटे निनावी फंक्शन, पुरतो.

घड्याळाबाबत मात्र जपून राहावे. पायथॉनमध्ये डीफॉल्ट आर्ग्युमेंटचे मूल्य फंक्शन डिफाइन होताना एकदाच ठरते. त्यामुळे तिथे ‘डेटटाइम.नाऊ()’ असे कंसासकट लिहिले, तर मॉड्यूल लोड झाले त्या क्षणाची वेळ कायमची चिकटते आणि आठवडाभर चालणारी प्रोसेस जुन्याच तारखेने बिले तपासत राहते. डीफॉल्ट म्हणून कंसाविना फंक्शनच द्यावे आणि ते आत, गरजेच्या वेळी, कॉल करावे.

इंटरफेस, म्हणजे वस्तूकडे कोणत्या मेथड असाव्यात याचा करार, हवा असल्यास पायथॉन ३.८ पासून टायपिंग मॉड्यूलमध्ये प्रोटोकॉल आहे. त्यापासून इनहेरिट न करताही मायपाय हे टाइप तपासणारे टूल मेथड जुळतात का ते तपासते. सगळी जोडणी मेन फंक्शनमध्ये, एकाच ठिकाणी करावी; ती वरून खाली वाचता येते आणि कोणती वस्तू कुठून आली हे नव्या सहकाऱ्यालाही लगेच कळते, हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर डिपेंडन्सी पुरवणारे त्याचे ‘डिपेंड्स’ जरूर वापरावे, पण राउटपुरतेच, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनपुरतेच. बिलांच्या मूळ लॉजिकला त्याचा पत्ताही असू नये. प्रत्येक रिक्वेस्टगणिक वेगवेगळ्या आयुष्याच्या बऱ्याच वस्तू उघडून क्रमाने बंद करण्याची वेळ आली आणि मेन फंक्शन खरोखर आवाक्याबाहेर गेले, तरच कंटेनरचा विचार करावा.