'थिक' हे विशेषण चिनी भाषकांना कसे समजावून सांगावे?

एक मराठी शिक्षिका चिनी भाषक प्रौढांना इंग्रजी शिकवतात. त्यांच्या एका विद्यार्थ्याने कडक चहाला 'थिक टी' म्हटले, तेव्हा 'थिक'चे निरनिराळे अर्थ त्याला कसे उलगडून दाखवावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, 'थिक'साठी एकच शब्द नाही. पुस्तक, भिंत, गोधडी, साचलेला बर्फ अशा थराच्या वस्तू 'होउ' असतात, तर दोर, झाडाचा बुंधा, माणसाचा दंड अशा गोल घेराच्या वस्तू 'त्सू'. तांदळाची पेज 'छोउ', धुके 'नोंग' आणि जंगल 'मी'. दोराला 'होउ' म्हटलेले चिनी कानाला खटकते. आपल्याला मात्र पुस्तकही जाड आणि दोरही जाड, त्यामुळे हा भेद सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. घट्ट पेज आणि दाट धुके यांतला फरक तेवढा आपण न शिकता पाळतो. म्हणून मराठी शिक्षकाला या विद्यार्थ्याची अडचण निम्मीच दिसते.

तरीही माझ्या मते पाच शब्दांच्या जागी एक शब्द वापरणे फारसे अवघड नाही. पंचाईत होते ती चिनी शब्द 'थिक'ची हद्द ओलांडतो तिथे. 'नोंग' हा शब्द धुक्याला लागतो, तसाच अर्क चांगला उतरलेल्या चहालाही लागतो. इंग्रजी 'थिक' मात्र द्रव किती दाट आहे एवढेच पाहतो, आणि चहा कितीही उकळला तरी कपात ओतताना तो पातळच असतो. म्हणून तो 'स्ट्राँग'. आपल्याकडेही कडक चहा वेगळा आणि आटवलेल्या दुधाचा घट्ट चहा वेगळा, हे शिक्षिकेने स्वतःशी आठवून पाहावे.

माणसाविषयी बोलताना तर फार जपावे लागते. मराठीत जाड माणूस म्हणजे लठ्ठ माणूस. ब्रिटिश बोलीत 'थिक' माणूस म्हणजे मठ्ठ. आणि चिनीत 'होउदाओ' माणूस म्हणजे सरळ, मनाचा चांगला, कुणाचे वाईट न चिंतणारा. कातडीचेही तसेच. चिनीत ज्याच्या चेहऱ्याची कातडी 'होउ' तो निर्लज्ज, आपल्या भाषेत कोडगा. पण इंग्रजीत 'थिक-स्किन्ड' माणूस टीकेने सहसा दुखावत नाही, आणि पुष्कळदा ते कौतुकाने म्हटले जाते. शब्दाला शब्द लावून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला या स्तुतीत शिवी ऐकू येईल. मैत्रीपाशी मात्र तिन्ही भाषा जवळ येतात: आपली दाट मैत्री, चिनीतली 'शनहोउ' मैत्री आणि इंग्रजी बोलीतले एखाद्याशी 'थिक' असणे. त्या इंग्रजी प्रयोगाला कधीकधी संशयाची छटा असते, एवढे सांगून ठेवावे.

शिकवताना अर्थांची यादी देण्यापेक्षा नामासह विशेषण द्यावे आणि प्रत्येक वेळी विरुद्धार्थी शब्द विचारावा. 'थिक सूप'च्या उलट 'थिन सूप'. चहाच्या उलट मात्र 'वीक', म्हणजे तिथे 'थिक' बसत नाही. चिनीत सौम्य चहा आणि विरळ धुके या दोहोंना 'दान' चालतो, पण इंग्रजीत धुके 'थिन' आणि चहा 'वीक', त्यामुळे या कसोटीवर विद्यार्थ्याला आपली चूक स्वतःच सापडते. त्यानंतर 'थिक हेअर' हा शब्दप्रयोग द्यावा आणि चिनीत काय म्हणाल, असे विचारावे. केस दाट असतील तर 'मी', एकेक केस जाड असेल तर 'त्सू'. इंग्रजी वाक्यातून यांपैकी काय अभिप्रेत आहे, ते संदर्भावरून त्यालाच ठरवू द्यावे.