स्पॅनिशमधील 'आन्दान्दो' म्हणजे केवळ 'चालत' का?

आपण विचारले आहे की, स्पॅनिश मालिकांमध्ये 'आन्दान्दो' हा शब्द वारंवार कानी पडतो, शब्दकोशात त्याचा अर्थ 'चालत' असा दिलेला आहे, परंतु पडद्यावर त्या वेळी पुष्कळदा कोणीच चालत नसते. मग त्याचा नेमका अर्थ काय? स्पॅनिश शिकताना सुरुवातीला मीही येथेच अडखळलो होतो. हा शब्द इंग्रजीच्या मध्यस्थीने समजून घेणे सोडले, तेव्हा अडचण बरीचशी सुटली, कारण मराठीतील 'चालणे' आणि 'फिरणे' ही दोन क्रियापदे त्याला आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहेत.

मूळ क्रियापद 'आन्दार'. त्यातील शेवटचा 'आर' काढून 'आन्दो' हा प्रत्यय लावला की 'आन्दान्दो' होते आणि अशा रूपाला स्पॅनिश व्याकरणात 'खेरुन्द्यो' म्हणतात. उच्चारात जोर मधल्या 'दान्'वर येतो आणि दोन्ही 'द' आपल्यासारखेच दंत्य असतात. 'आंडांडो' म्हणू नये. हे रूप लिंग-वचनानुसार बदलत नाही. 'तो चालत आला', 'त्या चालत आल्या' यांतील 'चालत' जसे अविकारी, तसेच हेही. (रूप नियमित असले तरी क्रियापद तसे नाही. 'मी चाललो' याला 'आन्दूबे' म्हणावे लागते आणि तेथे मूळचे स्पॅनिश भाषकही कधी कधी चुकून 'आन्दे' म्हणून जातात.)

शब्दशः अर्थाचा वापर प्रामुख्याने स्पेनमधला. 'बोय आन्दान्दो' म्हणजे 'मी चालत जातो', तर 'आ द्येस मिनूतोस आन्दान्दो' म्हणजे 'चालत दहा मिनिटांवर'. स्पेनमधील सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेचे प्रमाणपत्र चालत जाणाऱ्यांना हवे असल्यास किमान 100 किलोमीटर चालावे लागते. ते अंतरही 'आन्दान्दो' पार केले असेच तेथे म्हणतील. लॅटिन अमेरिकेत मात्र याच अर्थी बहुतेक जण 'कामिनान्दो' म्हणतात. दोन्हीकडे चालणारा शब्दप्रयोग हवा असेल तर 'आ प्ये' वापरावा. हा तर आपला 'पायी'च आहे, आणि दोन्ही शब्दांचे मूळ खरोखरच एक आहे.

आपण ऐकलेला 'आन्दान्दो' बहुधा एकट्याने उच्चारलेला असावा. कोणी रेंगाळत असेल, निघायला उशीर होत असेल, तर 'आन्दान्दो!' म्हणजे 'चला, निघा आता!' येथेही मराठीने चालण्याचेच क्रियापद निवडले आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. स्पेनमध्ये याला एक गमतीदार शेपूट जोडतात: 'आन्दान्दो, के एस खेरुन्द्यो', शब्दशः 'चला, कारण हे खेरुन्द्यो आहे'. शाळेत घोकलेल्या व्याकरणाची ही थट्टा असून तिच्यातून घाई करण्यापलीकडे काहीही सुचवायचे नसते. मला हा वाक्प्रचार फार आवडतो, पण औपचारिक प्रसंगी तो वापरू नये. याउलट 'आन्दान्दो एल त्येम्पो', म्हणजे 'कालांतराने', हा प्रयोग पुस्तकी आहे आणि बोलताना क्वचितच ऐकू येतो.

खरी गंमत मूळ क्रियापदाच्या इतर रूपांत आहे. 'कोमो आन्दास?' म्हणजे 'कसं चाललंय?' अर्जेंटिनात 'एल रेलोख नो आन्दा' म्हणतात, म्हणजे 'घड्याळ चालत नाही'. आणि 'आन्दार'च्या पुढे दुसऱ्या क्रियापदाचा खेरुन्द्यो आला की ते आपल्या 'फिरणे'ची जागा घेते: 'आन्दा बुस्कान्दो त्राबाखो', 'तो काम शोधत फिरतो आहे'. एका जागी बसून केलेले काम आणि इकडे-तिकडे हिंडत, काहीशा विस्कळीतपणे केलेले काम यांतील फरक या रचनेतून व्यक्त होतो. 'आन्दा दिस्येन्दो के से कासा' या वाक्यात तर बोलणाऱ्याची नापसंतीही डोकावते; मराठीत आपण 'लग्न करतोय म्हणून सांगत सुटलाय' असे म्हणू. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मात्र ही रचना इतकी रुळलेली आहे की 'आन्दो त्राबाखान्दो' म्हणजे पुष्कळदा केवळ 'काम करतोय', त्यात हिंडण्याचा भाव राहिलेला नसतो. तेव्हा बोलणारा कोणत्या देशाचा आहे, हे पाहूनच अर्थ लावावा.

मराठीचा आधार तीन ठिकाणी सोडावा लागतो. होकार देताना आपण 'चालेल' म्हणतो, तेथे 'आन्दार' अजिबात चालत नाही. स्पेनमध्ये 'बाले' म्हणावे. 'चालणे प्रकृतीला चांगले' अशा वाक्यात क्रियापद नामासारखे येते, तेथे स्पॅनिशला मूळ रूप 'आन्दार' लागते. इंग्रजी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी नेमके येथे 'आन्दान्दो' लिहून बसतात. तिसरे ठिकाण मराठी माणसासाठी अधिक फसवे आहे. आपल्याकडे 'चालत' आणि 'चालून' अशी दोन वेगळी रूपे आहेत. 'आन्दान्दो' हे त्यांपैकी पहिल्याशी जुळते, कारण ते मुख्य क्रियेच्या बरोबरीने घडणारी क्रिया दाखवते. आधी पूर्ण झालेल्या क्रियेसाठी 'देस्पुएस दे आन्दार', म्हणजे 'चालल्यानंतर', असे म्हणावे लागते. मी एकदा वर्गात 'चालून आल्यावर अंघोळ केली' असे सांगण्यासाठी 'आन्दान्दो' वापरले, तेव्हा शिक्षिकेने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले की, चालता चालता अंघोळ केलीत, तर साबण कोणत्या हातात धरला होता?