वेळ लिही

बाय,

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं, रात्री परत काढून वाचलं. एका शोधनिबंधात सालब्युटामॉलने, म्हणजे दम्यात श्वास मोकळा करणाऱ्या औषधाने, श्वासनलिकेतल्या रक्तवाहिन्यांची गळती कमी झाली, दुसऱ्यात काहीच फरक पडला नाही, आणि तुझे मार्गदर्शक म्हणतात, यातलं एक धर नाहीतर विषय बदल. तू बदलायला निघालीयस. बदलू नकोस. दोन्ही निबंध पुढ्यात घे आणि समासात पेन्सिलीने लिही: औषध कधी दिलं, गळती कधी घडवली, मोजली कधी. वेळ लिही. तुझं अर्धं भांडण तिथेच मिटेल.

गळती म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पण ती किती थोडा वेळ टिकते, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. हिस्टामिन किंवा सबस्टन्स पी, ही गळती घडवणारी शरीरातलीच रसायनं, पोचली की केशवाहिन्यांच्या लगेच पुढे लागणाऱ्या बारीक नीलांत अस्तराच्या पेशींमध्ये फटी पडतात. माज्नो आणि पालाडे यांनी 1961 साली त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. सबस्टन्स पीने पडलेली फट काही मिनिटांत मिटायलाही लागते. तेवढ्यात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट रक्तद्रव भिंतीत उतरतो आणि भिंत सुजते. काही द्रव नळीच्या पोकळीत येऊन कफ घट्ट करतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळा पट होतो, म्हणून थोडी सूजही जिवावर येते.

आता सालब्युटामॉल. अस्तराच्या पेशींवरच्या बीटा-2 ग्राहकांवर, म्हणजे औषध ओळखणाऱ्या जागांवर, ते बसतं आणि फटी आवळतं. त्याच वेळी बारीक धमन्या रुंदावून तिथला रक्तप्रवाहही वाढवतं, म्हणजे उघड्या फटीशी जास्त रक्त आणून सोडतं. यातलं काय वरचढ ठरेल ते मात्रेवर आणि तू कोणत्या मिनिटाला बघतेस त्यावर आहे. गिनीपिगमध्ये गळती कमी झालेली बऱ्याच जणांनी पाहिली. माणसात चित्र तितकं स्वच्छ नाही. त्याच जातीच्या फॉर्मोटेरॉलचा अंमल बारा तासांच्या आसपास टिकतो, सालब्युटामॉलचा चार ते सहा. दोघांना एकाच घड्याळाने मोजून कसं चालेल? स्टेरॉइडचं तर अजून वेगळं. श्वासावाटे ओढलेलं स्टेरॉइड अर्ध्या तासात श्वासनलिकेतला रक्तप्रवाह थोडा आवळतं, ते लवकर ओसरतं. खरं काम पेशींच्या केंद्रकात होतं आणि त्याला तास, दिवस, आठवडे लागतात. एकाने अर्ध्या तासाने मोजलं, दुसऱ्याने महिनाभराच्या उपचारानंतर, आणि दोघांनी वर त्याच स्टेरॉइडचं नाव लिहिलं, ‘ब्युडेसोनाइड’. मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या औषधाचं कोडं सोपं आहे: ते ल्युकोट्राइन या सूज आणणाऱ्या दुसऱ्या रसायनाचीच वाट अडवतं, हिस्टामिनची गळती त्याने थांबावी अशी अपेक्षाच धरू नकोस.

वेळेचा हा हट्ट कुठून आला ते सांगतो. तरुणपणी दोन वर्षं मी हेच काम केलं, गोव्याबाहेर, एका प्रयोगशाळेत. इव्हान्स ब्लू हा निळा रंग जनावराला शिरेतून द्यायचा, तो अल्ब्युमिनला चिकटतो. गळती घडवायची, मग हृदयातून सलाइन सोडून वाहिन्यांतला रंग पुरता धुऊन काढायचा. त्यानंतर नळी उघडली की जिथे गळलं तिथे ती शाईत बुडवल्यासारखी निळी दिसते. तुकडा फॉर्मामाइड या द्रावकात ठेवायचा, उतरलेला रंग 620 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. निम्म्या जनावरांत औषधाने गळती थांबली, निम्म्यांत नाही. मी लिहून मोकळा झालो: परिणाम अनिश्चित. पुढे कधीतरी आठवलं की जेवायच्या सुट्टीमुळे काही जनावरांत औषध आणि गळती घडवणारं उद्दीपक यांच्यात पाऊण तास जाई, काहींत पाच मिनिटं. कोणत्या? वहीत फक्त तारीख होती. ती जनावरं फुकट मेली, बाय. प्रबंध मी परत हातात घेतला नाही.

त्यानंतर वेळ न लिहिलेलं पान मी कुणाचं तपासलं नाही. मुलं मला कठोर म्हणत. एक मुलगी रडत प्रयोगशाळा सोडून गेली. तिच्याशी नीट बोलायला हवं होतं, ते अजून खुपतं. पान परत केलं ते मात्र बरोबरच केलं. आजही करीन.

आता तुझ्या आईबद्दल. ‘निळ्या पंपानेच बरं वाटतं, दुसरा कामाचा नाही’ असं त्या म्हणतात, आणि स्टेरॉइडचा पंप चार दिवस घेऊन फडताळात ठेवला, असं तू जाता जाता लिहिलंस. अगं, हा तुझाच विषय आहे! निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉलच, नळीभोवतीचा आखडलेला स्नायू पाच मिनिटांत सोडवतो, ते त्यांना कळतं. दुसऱ्याने उतरणारी सूज चार दिवसांत कशी कळणार? निळ्यावर एकट्यावर दमा सांभाळू नये, असं जागतिक दमा मार्गदर्शिकाच 2019 पासून सांगते. तू फार्मसीचं शिकतेस आणि घरात हे चाललंय, याचा मला राग आला. गणपतीची चवथ जवळ आलीय, माळ्यावरची धूळ निघेल, भिंतींना पावसाची बुरशी आहेच. साफसफाई त्यांना करू देऊ नकोस. आणि एक वही घाल: निळा पंप दिवसात, रात्रीत किती वाजता लागला. पहाटे तीनला लागतो का? तेवढी वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे ने. औषध तेच ठरवतील, तू किंवा मी नाही.

चवथ झाली की ये. दोन्ही निबंध, समासातल्या नोंदी आणि आईची वही घेऊन ये. फर्मागुडीला उतरलीस की फोन कर, पाऊस असला तर मी छत्री घेऊन थांब्यावर येतो.

तुझा,
सर